पहिला महिना घरी काही न्यायचं नाही : मोठेपणी चाकावर बसणाऱ्यांसाठी

चाळिशीनंतर मातीची भांडी शिकायला कुंभाराच्या चाकावर बसणारी बहुतेक माणसं पहिल्याच तासाला विचारतात, “कप कधी होईल?” रविवारच्या नवशिक्यांच्या बॅचला मी मदत करते, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिला महिना घरी काहीही न्यायचं नाही. जे होईल ते तारेने उभं कापायचं, आतून बघायचं आणि बादलीत टाकायचं. चेहरे पडतात. पण हे ऐकणारी माणसं काही महिन्यांत सारख्या जाडीचा पेला काढू लागतात. पहिल्या दिवशीचा वाकडा वाडगा रंगवून शोकेसमध्ये ठेवणारी बहुधा दिवाळीनंतर दिसत नाहीत.

मी दातांची डॉक्टर, पुण्याची. चाकावर बसले ती त्रेचाळिसाव्या वर्षी. दिवसभर वाकून काम केल्याने पाठ आधीच कुरकुरत होती. प्लास्टर, स्पंज आणि बारीक हत्यारं मात्र सवयीची होती. त्यामुळे खाली काही गोष्टी मी दवाखान्याच्या नजरेने सांगणार आहे, चालवून घ्या.

क्लास निवडताना

एका दिवसाच्या कार्यशाळेत शिकवणाऱ्याचे हात तुमच्या हातांवर असतात आणि भांडं तो काढतो. वाढदिवसाला छान, शिकायला निरुपयोगी. नियमित क्लास बघायला गेलात तर फी विचारण्याआधी हे विचारा. एका चाकामागे किती जण? क्लासच्या वेळेबाहेर सरावाला चाक मिळतं का? भट्टी स्वतःची आहे का? बिघडलेली माती परत वापरू देतात का, की प्रत्येक किलोचे वेगळे पैसे? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. माती महाग पडते म्हटलं की माणूस भांडं कापायला धजत नाही, आणि कापल्याशिवाय शिकत नाही. मग एक तास कोपऱ्यात बसून नुसतं बघा. शिकवणारा दर पाच मिनिटांनी हात घालून विद्यार्थ्याचं भांडं वाचवत असेल तर दुसरा क्लास शोधा. हात मागे बांधून “कोपर टेकवा, कोपर” एवढंच ओरडणारा मिळाला तर सोडू नका.

कुंभाराकडे शिकावं का, हेही विचारतात. बघायला तर जरूर जा. पुण्यात कसबा पेठेचा कुंभारवाडा आहे, मुंबईत धारावीचा, जिथली बरीच कुटुंबं मूळची सौराष्ट्रातली. मोठा लोळा चाकावर ठेवून फक्त वरचा भाग मध्यावर आणायचा, त्यातून पणती काढायची, दोऱ्याने कापायची, लगेच पुढची. तुम्ही आपलं नाव सांगेपर्यंत त्यांच्या दोन पणत्या झालेल्या असतात. हात किती कमी हलतात ते बघा, बाकी काही नाही. मात्र संक्रांतीची सुगडं, उन्हाळ्यातले माठ, नवरात्रातले घट, दिवाळीच्या पणत्या असं त्यांचं वर्ष भरलेलं असतं, तेव्हा आधी विचारून जायचं आणि वेळेचे पैसे द्यायचे. त्यांची लाल माती कमी तापमानाला भाजतात, ती सच्छिद्र राहते, म्हणून तर माठातलं पाणी गार होतं. चहाच्या कपाला ती सोयीची नाही. स्टुडिओत बहुतेक ठिकाणी स्टोनवेअर मिळते, जी बाराशे अंशांच्या वर भाजली की पाणी पीत नाही.

परंपरेने देशात बऱ्याच ठिकाणी कुंभाराच्या घरातल्या बायकांनी माती मळायची, भांडी घोटायची, रंगवायची, पण चाकाला हात लावायचा नाही, अशी रीत होती. आमच्या रविवारच्या बॅचमध्ये मात्र चाकांवर जवळपास सगळ्या बायका, आणि त्यांतली एकही कुंभाराच्या घरातली नाही. हे मला टोचतं. उपाय माझ्याकडे नाही, पण माठाची घासाघीस करणं मी सोडलं आहे.

सुट्टी काढून राहून शिकायचं असेल तर हिमाचलात कांगडा जिल्ह्यात पालमपूरजवळ अंद्रेटा गावात पॉटरी शिकवतात. पाँडिचेरीला १९७१ साली रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. आपल्याकडच्या स्टुडिओतल्या शिकवणाऱ्याला ‘तुम्ही कुणाकडे शिकलात’ विचारत गेलं की धागा पुष्कळदा तिथवर जातो.

आधी बसा नीट

माती नंतर. स्टुलाची उंची चाकाच्या फिरत्या तबकडीच्या उंचीएवढी हवी, फार तर बोटभर जास्त. स्टूल खाली असलं की खांदे कानांपर्यंत चढतात, फार उंच असलं की कमरेतून वाकावं लागतं. स्टुलाच्या मागच्या दोन पायांखाली फळीचे तुकडे सरकवा. बैठक पुढे कलते आणि कंबर आपोआप सरळ राहते. चाकाला खेटून बसा, तबकडी दोन मांड्यांच्या मध्ये येऊ दे. लाज वाटून लांब बसणारी माणसं अर्ध्या तासात पाठ धरतात.

आता कोपर. डावं कोपर डाव्या मांडीवर, नाहीतर पोटाशी कमरेच्या हाडावर घट्ट टेकलेलं हवं. उजवा हात चिखलाच्या ट्रेच्या काठावर किंवा उजव्या मांडीवर. एकही हात हवेत नको. गोळा फिरताना धक्के देतो. हात हवेत असला तर धक्क्यासरशी हात हलतो आणि गोळा वाकडाच राहतो. हात मांडीत रोवलेला असला तर तो हलत नाही, मग गोळ्याला सरळ होण्यावाचून गत्यंतर नसतं. जिममध्ये जाणारे तरणे पुरुष खांद्याच्या जोरावर माती दाबत राहतात आणि घामाघूम होतात. शेजारी साठीच्या काकू नुसत्या पुढे कलून त्यांच्या आधी गोळा मध्यावर आणतात. जोर दंडाचा लावायचा नाही, धडाचं वजन टाकायचं.

पाठीचं जुनं दुखणं असेल तर चाक विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर चढवून उभ्याने काम करता येतं. अनेक मुरलेले पॉटर तसंच करतात. आणखी एक युक्ती म्हणजे चाकासमोर एक आरसा उभा करा. भांड्याची बाजू बघायला माणूस सारखा डावीकडे वाकतो, तिथेच मणका पिळतो. आरशात बाजू समोरच दिसते. आम्ही पेशंटच्या तोंडात आरसा घालतो त्यामागेही आपली मान वाचवणं हे एक कारण असतंच. दर वीस मिनिटांनी उठायचं, चालायचं. बोटांना रात्री मुंग्या येत असतील तर मनगट आधी डॉक्टरला दाखवा, मग माती.

नखं कापून या. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा, ओढणी घरी ठेवा. हाताला तेल किंवा क्रीम नंतर लावायचं, आधी नाही.

भारतातल्या बहुतेक स्टुडिओत चाक घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. जपानात घड्याळाच्या दिशेने फिरवतात. डावखुऱ्यांनी दोन्ही दिशा करून बघाव्यात, विजेच्या पुष्कळ चाकांना त्यासाठी बटण असतं. एकदा दिशा ठरली की मात्र बदलू नका.

माती

स्वयंपाकघरातला वजनकाटा आणा आणि ६०० ग्रॅमचे सहा गोळे करा. त्याहून लहान गोळ्यावर तळहात टेकत नाही, किलोच्या वर गेलात तर नवशिक्याचं मनगट पुरत नाही. सगळे गोळे एकाच वजनाचे हवेत, म्हणजे आज काय बदललं ते कळतं. माती थोडी मऊच निवडा. बोट विनासायास पेराएवढं आत गेलं पाहिजे. कडक मातीवर शिकणं म्हणजे हट्ट.

मळण्याची सवय आपल्याला कणकेची असते आणि इथे ती आडवी येते. कणकेत आपण घडी घालून दाबतो, मध्ये हवा राहिली तरी पोळीचं काही बिघडत नाही. मातीला घडी घालायची नाही. तळव्याच्या टाचेने पुढे आणि खाली ढकलायची, थोडी उचलून स्वतःकडे लोळवायची, पुन्हा ढकलायची. टेबल कमरेच्या खाली हवं, नाहीतर दंडच दुखतात. पन्नासेक दाबांनंतर गोळा तारेने कापा. कापलेल्या भागात भोकं किंवा कडक-मऊ पट्टे दिसले तर पुन्हा मळा. ‘हवेचा बुडबुडा भट्टीत फुटतो’ असं जिथेतिथे सांगतात. भांडं फोडते ती मुख्यतः मातीत राहिलेली ओल, तिची वाफ होऊन. बुडबुड्याचा खरा त्रास चाकावर होतो, भिंत वर ओढताना बोट त्यावर अडखळतं.

सेंटरिंग

म्हणजे गोळा चाकाच्या बरोबर मध्यावर आणणं. इथे घाई करू नका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. तबकडी जवळपास कोरडी हवी, ओल्या तबकडीवर गोळा घसरतो. गोळा मध्यावर जोरात आपटा, चाक हळू फिरवत तळव्यांनी चापट्या मारून शक्य तेवढा मध्यावर आणा, आणि खालची कड अंगठ्याने तबकडीला दाबून चिकटवा. ही चिकटवलेली कड विसरलात की जोर लावल्यावर अख्खा गोळा मांडीवर येतो.

आता चाक वेगात. गोळ्यावर आणि हातांवर पाणी घ्या, पण स्पंज पिळून घ्यावं तेवढंच. पाणी घर्षण कमी करण्यापुरतं असतं; ओतत राहिलात तर माती पिऊन घेते आणि दहा मिनिटांत तिचा चिखल होतो. दोन्ही तळव्यांमध्ये गोळा धरा आणि खालून दाबत त्याचा उंच शंकू होऊ द्या. मग उजव्या हाताची करंगळीकडची कड माथ्यावर ठेवून खाली दाबा, त्याच वेळी डाव्या तळव्याची टाच बाजूने आत दाबत राहील. शंकू खाली जातो. हे दोन-तीनदा करा. वर नेताना माथा वाकडा हलायला लागला तर मध्येच सोडू नका, तसंच खाली आणा.

शेवटी डावा तळवा बाजूला, उजवा माथ्यावर, आणि स्थिर. इथे माणसं गोळ्याबरोबर हलतात, त्याचा पाठलाग करतात. हात तिथेच ठेवा. श्वास चालू ठेवा (हसू नका, निम्मे जण श्वास रोखून बसतात). काही फेऱ्यांत तळव्याखालची धडधड कमी होते. डोळे मिटून बघा, ती बोटांना आधी कळते आणि डोळ्यांना नंतर. खात्री नसेल तर टोचणीचं टोक बाजूला हलकेच धरा. सलग रेघ उमटली तर गोळा मध्यावर आहे. तुटक उमटली तर नाही.

सोडताना हात हळू सुटले पाहिजेत. चटका बसल्यासारखे हात काढले की मध्यावर आलेला गोळाही शेवटच्या क्षणी बाहेर ढकलला जातो. हा नियम चाकावरच्या प्रत्येक स्पर्शाला लागू आहे: हळू लावायचा, हळू सोडायचा.

पहिले दोन-तीन आठवडे एवढंच करा. सहा गोळे मध्यावर आणा, काढा, मळा, पुन्हा लावा. कंटाळा येईल. मी नव्यांना सांगते की गोळा मध्यावर आणून चाक थांबवा, अर्धा मिनिट बघा, आणि स्वतःच त्याला अंगठ्याने बिघडवून पुन्हा आणा. बिघडलेलं सावरता यायला लागलं की भीती जाते.

भोक, तळ, भिंत

वेग थोडा कमी करा. दोन्ही अंगठे, किंवा माझ्यासारखे सांधे कुरकुरत असतील तर डाव्या हाताची मधली दोन बोटं उजव्या हाताने दाबून, बरोबर मध्यावर खाली न्या. किती खाली? चाक थांबवून टोचणी तळातून खालच्या तबकडीला टेकेपर्यंत खोचा आणि बोटाने खूण धरून बाहेर काढा. सेंटिमीटरभर तळ हवा. नंतर खालून खरवडून पाय (भांडं ज्यावर टेकतं ती कड) काढायचा आहे, तेवढी माती शिल्लक लागते.

मग बोटं स्वतःच्या दिशेने ओढत तळ रुंद करा. आणि आता ते, जे बहुतेक जण गाळतात: ओलसर स्पंजाने किंवा लाकडी रिबने (चपट्या पट्टीने) तळ मध्यापासून कडेकडे आणि परत मध्याकडे तीन-चार वेळा दाबून काढा. बाजूंची माती चाकावर दाबली गेलेली असते, तळाची नसते, शिवाय तळ सगळ्यात उशिरा वाळतो. न दाबलेल्या तळाला वाळताना किंवा भट्टीत मधोमध वळणदार चीर पडते. ती कशानेही बुजत नाही.

भिंत ओढताना चाक आणखी हळू. डाव्या हाताची बोटं आत, उजव्याचं वळलेलं बोट किंवा स्पंज बाहेर, दोन्ही अंगठे एकमेकांना टेकलेले. हातांचा एकमेकांना आधार असला की मधलं अंतर बदलत नाही. अगदी तळापासून सुरुवात करा. तबकडीला लागून बाहेरचं बोट आत दाबा, मातीचं एक कडं उचललं जाईल, आणि ते कडं धरून हळूहळू वर. हात वर जाण्याचा वेग चाकाच्या वेगाला धरून हवा. घाई केलीत तर भिंतीवर पेचाच्या आट्या उमटतात, जाड-पातळ-जाड. काठापर्यंत पोचलात की काठ बोटांच्या चिमटीत हलके दाबून गोल करा. हे प्रत्येक ओढीनंतर करा.

फिरणारी भिंत बाहेर पसरू पाहते, म्हणून नवशिक्याच्या हातून नेहमी वाडगाच होतो आणि त्याला तो ‘मला वाडगाच करायचा होता’ म्हणतो. हात थोडे आतल्या दिशेने न्या, वर अरुंद होणारा पेला डोळ्यांसमोर ठेवा. तीन ओढींत भिंत जेवढी होईल तेवढी. चौथी-पाचवी ओढ बहुधा पाण्याने थकलेल्या मातीवर असते आणि भांडं बसतं.

६०० ग्रॅममधून १२ सेंटिमीटर उंचीचा सरळ पेला हे लक्ष्य ठेवा. वाडगे, सुरया, काही नको. सरळ पेला आला की बाकीचे आकार त्यातूनच निघतात.

आणि मग तार. दोन्ही हातांत ताणून, काठापासून तळापर्यंत उभी. अर्धा भाग बाजूला घेऊन जाडी बघा. जवळपास सगळ्यांची भिंत खाली जाड आणि वर कागदासारखी निघते, म्हणजे खालच्या कोपऱ्यात बोट पुरेसं दाबलं गेलं नाही. जाडी खालपासून वरपर्यंत ५-६ मिलिमीटर सारखी यायला हवी. आमच्या बॅचमध्ये मी कापलेल्या अर्ध्या भागांचे फोटो काढायला लावते, तारीख टाकून. पूर्ण भांड्यांचे फोटो काढायला बंदी आहे.

ठेवायचं कधीपासून

जेव्हा एका बैठकीतले सहापैकी चार पेले कापल्यावर सारखे निघतील, तेव्हा पाचवा आणि सहावा ठेवा. खालची जादा माती लाकडी सुरीने तिरपी काढा, तार तबकडीला चिकटवून ओढा, हात कोरडे करा आणि तळाजवळ धरून उचला. काठ थोडा वाकला तर लगेच चिमटायला जाऊ नका, दोन तासांनी सावरा.

वाळवण्यात आपल्या हवेचा विचार करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात काठ दुपारपर्यंत कडक आणि तळ ओला असतो. काठावर प्लास्टिकची पिशवी सैल घाला. जुलैत उलट, तीन दिवस झाले तरी माती हलत नाही. पण म्हणून पंख्याखाली ठेवायचं नाही. एका बाजूने वारा लागला की भांडं त्या बाजूला ओढलं जातं.

ट्रिमिंगची, म्हणजे तळाची जादा माती सोलायची, वेळ ओळखणं हे वेगळं कौशल्य आहे. नखाची खूण उमटते पण बोटाने दबत नाही, ही लेदर हार्ड अवस्था. भांडं उलटं ठेवून मध्यावर आणा, मातीच्या तीन वळकट्या बाजूंनी दाबून पक्कं करा आणि लूप टूलने (टोकाला तारेचा फास असलेल्या हत्याराने) तळाची जादा माती सोला. पट्ट्या सलग निघाल्या तर वेळ बरोबर. भुगा निघाला तर उशीर झाला, चिकटून राहिल्या तर लवकर आलात. किती सोलायचं ते वाजवून कळतं. जाड तळ ठक्क वाजतो, पातळ होत गेला की आवाज पोकळ होतो. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून कच्चं-पक्कं ठरवलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ती गोष्ट मला ट्रिमिंग शिकताना पहिल्यांदा कारागिरीची गोष्ट म्हणून कळली. बोटाने दाबल्यावर तळ लवला तर तिथेच थांबा. बारीक कोपरे साफ करायला माझ्याकडची दवाखान्यातली जुनी वॅक्स कार्व्हर (मेण कोरायचं हत्यार) मी वापरते. ओळखीच्या दंतवैद्याकडे मागून बघा, आमच्याकडे निकामी हत्यारांचा डबा असतो.

भट्टी आणि ग्लेझ, थोडक्यात

भट्टी सुरुवातीला तुमच्या हातात नसते, पण शब्द माहीत हवेत. पूर्ण वाळलेलं भांडं गालाला लावा. गार लागलं तर आत ओल आहे, भट्टीत द्यायचं नाही. पहिलं भाजणं म्हणजे बिस्क, साधारण १००० अंश सेल्सियस. साधारण ६०० अंशांच्या पुढे माती पुन्हा चिखल होत नाही. मग ग्लेझमध्ये बुडवून दुसरं भाजणं. पुष्कळ स्टुडिओ स्टोनवेअरला कोन ६ पर्यंत नेतात (कोन हे भट्टीतल्या उष्णतेचं माप), म्हणजे १२२० ते १२४० अंशांच्या आसपास. कोन ०६ आणि कोन ६ वेगळे, हे मात्र पाठ करा. त्या शून्याने दोनशे अंशांहून जास्त फरक पडतो.

ग्लेझ ही भांड्यावर वितळलेली काच. दाताच्या पोर्सिलीनच्या कॅपवर आम्हीही असाच थर भट्टीत चढवतो, म्हणून असेल, मला हा भाग सोपा गेला. नवशिक्याने एकच ग्लेझ घ्यावं आणि मातीच्या तुकड्यावर आधी तपासावं. बुडवणं दोन-तीन सेकंदांचं. पाय आणि त्याच्या वरची थोडी जागा ओल्या स्पंजाने पुसून स्वच्छ, नाहीतर भांडं भट्टीच्या फळीला कायमचं चिकटतं आणि फळीचे पैसे तुम्हाला भरावे लागतात. जेवणाखाण्याच्या भांड्याला शिसं असलेलं ग्लेझ चालत नाही, विक्रेत्याला स्पष्ट विचारा. तयार भांड्यात लिंबाची फोड रात्रभर ठेवा. सकाळी तिथला रंग बदलला असेल तर त्यात फुलं ठेवा, लोणचं नको.

माती एकूण १०-१२ टक्के आकसते, आणि हे प्रत्येक दिशेने. म्हणून २०० मिलीचा कप हवा तर ओला असताना तो २९० मिलीच्या आसपास करावा लागतो. पहिले सगळे कप बाहुलीच्या संसारातले निघतात त्याचं कारण हेच.

चिखल, धूळ, मोरी

मातीचं पाणी बेसिनमध्ये ओतलंत तर प्लंबरचा नंबर पाठ करून ठेवा. बादलीत रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी झाडांना, खालचा गाळ परत मातीत. तो गाळ सुकवायला प्लास्टरची लादी लागते. दातांच्या साच्याला आम्ही १०० ग्रॅम प्लास्टरला साधारण ५० मिली पाणी घेतो. मातीसाठी लादी शोषणारी हवी म्हणून ७० मिली घ्या. पाण्यात प्लास्टर भुरभुरवा, उलट करू नका. लादीचा कोपरा फुटला तर तो टवका मातीत जाऊ देऊ नका. भाजल्यावर तो ओल शोषून फुगतो आणि भांड्याच्या बाजूची खपली उडवतो, कधी कधी महिनाभराने.

वाळलेली माती झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. तिच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. एप्रन घरी झटकायचा नाही, भिजवायचा. कोरडं ग्लेझ मिसळताना एन-९५ मास्क. करोनात घेतलेले पडून असतील.

स्वतःचं चाक

पहिल्या सहा महिन्यांत घेऊ नका. घरात धूळ खाणाऱ्या ट्रेडमिलच्या शेजारी एक चाक, हे मी दोन-तीन घरांत पाहिलं आहे. घ्यायचंच ठरलं तर जुनं बघा, आणि बघायला जाताना स्वतःची मळलेली चार किलो माती घेऊन जा. चाक अगदी मंद ठेवून माती दाबा. मोटर थांबली किंवा अडखळली तर ते चाक घेऊ नका, मंद गतीत ताकद टिकणं हीच चाकाची परीक्षा. मोकळं फिरवून तबकडी वरखाली डोलते का ते बघा, आणि रात्री खालच्या मजल्यावर ऐकू जाईल एवढा आवाज नाही ना, तेही. भट्टी मात्र लगेच नको. बरेच स्टुडिओ दुसऱ्यांची भांडी पैसे घेऊन भाजून देतात. देताना तुमची माती कोणत्या कोनची आहे ते चिठ्ठीवर लिहून द्या, कारण कमी तापमानाची लाल माती चुकून स्टोनवेअरच्या भट्टीत गेली तर ती वितळते आणि शेजारच्या माणसाची भांडीही घेऊन बसते.